जागा स्वयंपाकघरांत सांपडते

घर लहान असलें म्हणजे तें सजवावें कसें, आणि त्यांत पांच-सहा माणसांचा स्वयंपाक नीट व्हावा कसा, हे दोन प्रश्न नेहमीं वेगवेगळे विचारले जातात व त्यांचीं उत्तरेंही वेगवेगळ्या पानांवर छापलीं जातात. एका पानावर पडद्यांचे रंग, दुसऱ्यावर भाज्यांचे प्रकार. आमच्या अनुभवाप्रमाणें हा एकच प्रश्न आहे. दोन-तीन खोल्यांच्या बिऱ्हाडांत बैठकीच्या खोलीला कळा येणें न येणें बव्हंशीं स्वयंपाकघरांत ठरतें. कारण स्वयंपाकघरांत जें मावत नाहीं तें तेथून निघतें आणि बैठकींत येऊन ठाण मांडतें. मग त्यावर कितीही सुंदर आच्छादन घातलें तरी पाहुण्याला आंतला पिठाचा डबा ओळखूं येतोच.

आमच्या पूर्वजांना हें नातें ठाऊक असावें. वात्स्यायनानें ज्या चौसष्ट कला मोजल्या आहेत, त्यांत तांदूळ व फुलें यांची रचना मांडण्याची कला आहे, आणि भाज्या, सार व नाना प्रकारचीं भक्ष्यें करण्याची कलाही आहे. दोन्ही एकाच यादींत आहेत. बाराव्या शतकांतील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासांत तर अन्नभोगाचें स्वतंत्र प्रकरण आहे. परंतु तो पडला राजाचा मुदपाकखाना, आमच्या नऊ फूट लांब व आठ फूट रुंद खोलीनें त्यांतून काय घ्यावें? वास्तुशास्त्रांत अग्नीचें स्थान आग्नेयेस सांगितलें आहे. हल्लींच्या इमारतींत मात्र सांडपाण्याचा नळ जेथें उतरतो तीच आग्नेय दिशा, असें समजून चालावें लागतें.

आमचें बालपण वाईजवळच्या एका खेड्यांत, दगडमातीच्या घरांत गेलें. त्या घरांत सामान फार होतें असें कोणालाही वाटलें नसतें. पण होतें पुष्कळ. तें दिसत नसे, कारण भिंतींनीं तें पोटांत घेतलें होतें. दीड-दोन हात रुंदीच्या त्या भिंतींत कोनाडे होते, फडताळें होतीं, खुंट्या ठोकलेल्या होत्या. समई कोनाड्यांत, लोणच्याच्या बरण्या फडताळांत, ताक-लोणी शिंक्यावर. जमीन मोकळी. बसावयास पाट, निजावयास वळकट्या. सहा पाट एकावर एक रचून कोपऱ्यांत ठेवले कीं सहा माणसांची बैठक एका पाटाएवढ्या जागेंत मावे. शहरांतील सदनिकेची भिंत चार-सहा इंचांची. तिच्यांत खिळा ठोकला तरी शेजारच्यांना कळतें, मग कोनाडा कोठून येणार? भिंतीनें घेणें बंद केलें तेव्हां सारें ओझें जमिनीवर आलें, आणि कपाट, शोकेस, टेबल, खुर्च्या अशा नांवांनीं तें घरभर पसरलें. लहान घर लहान कां वाटतें याचें हें खरें कारण आम्हांला वाटतें.

आमचें सध्यांचें बिऱ्हाड डोंबिवलीस आहे. २०१४ सालीं आम्ही शिक्षकाच्या नोकरींतून निवृत्त झालों व चिरंजीवांकडे राहावयास आलों. बाहेरची खोली पंधरा फूट लांब व दहा फूट रुंद, आंतली दहा फूट व नऊ फूट, आणि स्वयंपाकघर वर सांगितल्याप्रमाणें. म्हणजे तिन्ही मिळून ३१२ चौरस फूट झाले. मुंबईंत १९२० नंतरच्या कांहीं वर्षांत ज्या बीडीडी चाळी उभ्या राहिल्या, त्यांतील एकेक खोली १६० चौरस फुटांची होती आणि त्यांत सबंध कुटुंबें वाढलीं. त्या मानानें आम्ही जवळजवळ दुप्पट श्रीमंत. राहणारीं माणसें पांच : आम्ही उभयतां, चिरंजीव, सूनबाई आणि नात.

२०१८ च्या पावसाळ्यांत आमच्या थोरल्या भगिनीचें, आक्काचें, खुब्याचें हाड मोडलें. ती तोंपर्यंत गांवच्या घरीं एकटीच राहत असे. शस्त्रक्रिया झाली, हाड जुळलें. पण पुनः एकटें राहणें शक्य नाहीं, जमिनीवर निजणें-बसणें कायमचें बंद, आणि रात्रीं हांकेच्या अंतरावर माणूस हवें, असें डॉक्टरांनीं सांगितलें. नातलगांची बैठक झाली. एका वृद्धाश्रमाचें माहितीपत्रक कोणी तरी घेऊनच आलें होतें. तें फार सुबक होतें व त्यांत बागेचें चित्र होतें. आक्काला नको असें कोणीच म्हणालें नाहीं. सगळे एवढेंच म्हणाले कीं, जागा कोठें आहे? आमचे चिरंजीवही रात्रीं आम्हांला म्हणाले, "बाबा, माझी ना नाहीं. पण आत्याची खाट टाकायची कोठें, तेवढें मला दाखवा."

प्रश्न गणिताचा होता, म्हणून आम्हीं फीत घेतली. खाटेला सहा फूट लांब व अडीच फूट रुंद जागा हवी, म्हणजे पंधरा चौरस फूट. बाहेरच्या खोलींत आंतल्या भिंतीला लागून ती सहज बसली असती. परंतु त्या भिंतीशीं भांड्यांचें कपाट, धान्याच्या तीन कोठ्या, दळणाचे डबे आणि पाण्याचें एक पिंप असें संमेलन भरलेलें होतें. हें सारें स्वयंपाकघरचें सामान. तें तेथें कां नव्हतें? कारण स्वयंपाकघराच्या ७२ चौरस फुटांपैकीं १६ ओट्याचे, ४ फ्रिजचे, १२ जेवणाच्या टेबलाचे आणि ९ त्याच्या चार खुर्च्यांचे. ज्या टेबलापाशीं पांच माणसें आठवड्यांतून एकदां रविवारीं एकत्र बसत, त्यानें व त्याच्या खुर्च्यांनीं २१ चौरस फूट अडविले होते, आणि तेवढ्यासाठीं एका वृद्ध स्त्रीला खाट मिळत नव्हती! टेबल दुसऱ्याच दिवशीं गेलें. त्याच्या जागीं भिंतीला बिजागऱ्यांनीं एक फळी बसविली. ती उघडली म्हणजे दोघांचें ताट मावतें, मिटली म्हणजे भिंतीशीं एक होते. आक्का व सूनबाई तीवर जेवतात, बाकीचे पाटावर. सूनबाईंना सकाळीं लोकल गांठावयाची असते, त्यांना मांडी घालून जेवण्याचा उपदेश करण्यांत अर्थ नाहीं.

यापुढचें काम अवघड होतें व तें आमच्या कुटुंबानें केलें. कपाटांतील भांडीं बाहेर काढून मोजलीं तों लहानमोठीं त्रेचाळीस निघालीं. रोज चुलीवर चढणारीं त्यांत नऊ. लग्नकार्यांत आलेलीं पातेलीं, कोणाच्या मुंजींतलीं ताटें, एकावर एक बसणाऱ्या पण कधींच न लागणाऱ्या डब्यांचा मनोरा. एकेक भांडें हातीं घेऊन त्या तें कोणी दिलें हें सांगत आणि बाजूला ठेवीत. ज्यांना संसार मांडावयाचा होता अशा दोन घरीं तीं गेलीं. पितळेच्या एका तपेल्यापाशीं मात्र त्या थांबल्या. "हें जायचें नाहीं. माझ्या आईनें ह्यांत तुमच्या वऱ्हाडाचा चहा केला होता." तपेलें राहिलें. आम्हीं त्याला कल्हई करून आणली, आणि आतां सणावारीं आमटी त्यांतच होते. (कल्हईच्या भांड्याविषयीं एक गोष्ट नव्या मुलींना सांगावीशी वाटते. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. कथील २३२ अंशांवर वितळतें. म्हणून असें भांडें कोरडें विस्तवावर ठेवूं नये, आधीं पाणी वा तेल घालावें. आणि थर झिजून पितळ दिसूं लागलें कीं त्यांत आंबट पदार्थ मुळींच करूं नये.)

धान्याच्या तीन कोठ्यांपैकीं एक ठेवली. वर्षाचें धान्य भरण्याची चाल ज्या काळीं पडली त्या काळीं पावसाळ्यांत वाटा बंद होत व घरांत माजघर असे. ज्या घराखालीं वाण्याचें दुकान आहे त्यानें बारा महिन्यांचे गहूं उशाशीं कां ठेवावे? महिन्याचें घ्यावें, उन्हांत तापवून, गार करून भरावें, तूरडाळीला एरंडेलाचा हात लावावा, तांदुळांत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा. बोरिक पावडर लावण्याची पद्धत कांहीं घरीं दिसते. आमच्या घरांत ती वस्तु आम्ही येऊं देत नाहीं. लोणचें मात्र वर्षाचेंच घालतों. त्यांत तडजोड नाहीं.

आतां खुद्द स्वयंपाकाविषयीं. भांडीं नऊ आणि शेगड्या दोन, एवढ्यावर सहा माणसांचें जेवण करावयाचें तर विस्तव एक आणि मजले अनेक, हा मार्ग उत्तम. ही युक्ति नवीन नव्हे, कलकत्त्याचे डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनीं १९१० सालीं इकमिक कुकर काढला, त्यांत डब्यावर डबा रचून खालच्या कोळशावर सगळें जेवण एकदम शिजे. आजच्या दाबाच्या कुकरांत तेंच काम लवकर होतें, कारण सुमारें १५ पौंडांच्या दाबाखालीं पाणी १०० अंशांऐवजीं सुमारें १२० अंशांवर उकळतें. तळाच्या डब्यांत डाळ, मधल्यांत भात, वरच्यांत बटाटे किंवा भोपळ्याच्या फोडी. डाळींत हळद व चमचाभर तेल घालावें म्हणजे फेस वर येत नाहीं. पुष्कळ घरीं शिट्या मोजतात. शिटी म्हणजे वाया जाणारी वाफ. पहिली शिटी झाली कीं ज्योत बारीक करावी, आणि दहा मिनिटांनीं विस्तव बंद करून कुकर स्वस्थ सोडावा. उरलेलें काम आंतली ऊब करते. तेवढ्या वेळांत कणीक तिंबून झांकून ठेवावी. अर्धा तास विसांवलेली कणीक लाटतांना मागें ओढत नाहीं, आणि पोळी मऊ होते.

डाळ शिजत नाहीं ही तक्रार आमच्या इमारतींत फार. कोणी दुकानदाराला दोष देतात, कोणी कुकरच्या रबराला. बहुतेक वेळां दोष पाण्याचा असतो. नळाचें पाणी आलें नाहीं म्हणजे टँकरचें किंवा कूपनलिकेचें जड पाणी वापरावें लागतें. त्यांतील चुन्याच्या क्षारांमुळें डाळीच्या कणांचीं आवरणें लवकर सुटत नाहींत. असें पाणी आदल्या रात्रीं उकळून निवळूं द्यावें व वरचें घ्यावें. त्यांतील कांहीं क्षार तळाशीं बसतात. डाळ अर्धा तास आधीं भिजवावी. चिंच, आमसूल, टोमॅटो हीं डाळ पूर्ण शिजल्यावरच घालावींत, कारण आंबटामुळेंही डाळ अडून बसते. सोडा घातला कीं ती चटकन् शिजते हें खरें. पण सोड्यानें तिच्यांतील ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतें. डाळ मऊ करून तिचें सत्त्व घालवावयाचें, तर मग ती खावयाची कशासाठीं? हरभरे, वाटाणे, राजमा हीं रात्रभर भिजलींच पाहिजेत. मटकी व मूग यांना मोड आणावे. ओल्या फडक्याची पुरचुंडी नळाच्या तोटीला बांधली कीं तिला जागा म्हणून लागत नाहीं, आणि मोडांबरोबर क जीवनसत्त्व फुकट मिळतें.

भात उरला तर ओट्यावर रात्रभर ठेवूं नये. भात शिजला तरी कांहीं सूक्ष्म जंतूंचीं बीजें त्यांत जिवंत राहतात व उबेंत वाढून विष तयार करतात. तें विष पुनः गरम केल्यानेंही जात नाहीं. पसरट ताटांत लवकर निववून तासाभरांत फ्रिजमध्यें जावा, म्हणजे सकाळीं फोडणीच्या भाताला निर्धास्तपणें घेतां येतो. लहान घरांत सहा माणसांना एक शौचकूप असतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे या सूचनेचें महत्त्व पटेल.

फोडणीचा वास हा लहान घराचा मोठा प्रश्न. सूनबाईंचे कचेरीचे कपडे पूर्वीं स्वयंपाकघरांतील दोरीवर वाळत. त्या एकदां हंसत म्हणाल्या कीं, गाडींत शेजारच्या बायका आज घरीं कसली भाजी केली तें मला विचारीत नाहींत, मलाच सांगतात. दोरी आतां सज्ज्यांत गेली. फोडणी खिडकीकडील शेगडीवर करावी, मोहरी तडतडतांच झांकण ठेवावें, आणि आमटी व कोशिंबीर या दोहोंची फोडणी एकाच पळींत, एकाच वेळीं करावी. आमटी मात्र गोड्या मसाल्याचीच. पण मसाला महिन्यापुरताच कुटावा. एका वर्षाचा करून ठेवला तर त्याचा सुगंध डब्यांतून उडून जातो आणि उरतो तो रंग. आमच्या कुटुंबाजवळ कमलाबाई ओगल्यांच्या १९७० सालच्या 'रुचिरा'ची जीर्ण प्रत आहे. तिच्यांतील वाटी-चमच्यांचीं मापें लहान चुलीला फार सोईचीं पडतात. सहा माणसांना किती वाट्या, हें ठरलें कीं उरत नाहीं, आणि उरलें नाहीं कीं ठेवावयाचें कोठें हा प्रश्न येत नाहीं.

खाट आली, सामान आंत गेलें, आणि मग बाहेरची खोली आम्हीं प्रथमच नीट पाहिली. सजावटीविषयीं आमचें मत थोडक्यांत सांगतों. एक भिंत पूर्ण रिकामी ठेवावी. तिच्यावर दिनदर्शिकासुद्धां नको. डोळ्यांना विसांवा मिळेल अशी एक जागा घरांत असली म्हणजे खोली तेवढीच असून मोठी भासते. खिडकीसमोर आरसा लावावा, उजेड दुणावतो. रंग पांढरा किंवा हलका पिवळसर. फळ्या माथ्यापर्यंत न्याव्या, जमिनीला शक्य तों कांहीं टेकूं देऊं नये. शोकेसमध्यें सत्कारांचीं चिन्हें, चार आकारांचे गणपति आणि प्लास्टिकचीं फुलें यांची जी गर्दी असते ती पेटींत बंद करावी, व एका वेळीं एकच वस्तु बाहेर ठेवून सणासणाला बदलावी. चैत्रांत आमच्याकडे तांब्याचें ताम्हण असतें, श्रावणांत समई. चिंचेनें लख्ख घांसलेलें तांब्याचें भांडें ज्या खोलींत आहे तिला दुसरा अलंकार लागत नाहीं. प्लास्टिकच्या फुलांविषयीं आम्ही कांहीं लिहीत नाहीं. त्यांवरील धूळच पुरेसें लिहिते.

उंबऱ्याशीं रांगोळी हवी. जिन्यांतली जागा हातभर आहे, परंतु हातभर रांगोळीला पुरे होते. नात रोज चार ठिपक्यांची काढते. आक्काला वांकतां येत नाहीं. ती खुर्चीवर बसून, येथून जोड, तेथून वळव, असें सांगत असते, आणि कोणतेंही वळण तिला एकदम पसंत पडत नाहीं.

आक्काची खाट अशी ठेवली आहे कीं, उशीवरून स्वयंपाकघराचें दार दिसतें. ही योजना सूनबाईंची. प्रथम आम्हांला वाटलें कीं, आजारी माणसाला तेथील खडखडाट नको. परंतु सहा महिन्यांत आक्कानें खाटेवरूनच स्वयंपाकाचा एक भाग ताब्यांत घेतला. मेथी निवडणें, लसूण सोलणें, शेंगा मोडणें, खोबरें किसणें हीं कामें आतां तिचीं. सकाळचा अर्धा तास वांचतो, असें सूनबाई सांगतात. वृद्धाश्रमाचें तें माहितीपत्रक पुष्कळ दिवस घरांत होतें. कागद चांगला जाड असल्यामुळें आक्कानें तें खाटेखालच्या डब्यांच्या तळाशीं अंथरलें.

तिच्या तक्रारी नाहींत असें नव्हे. कुकरची शिटी तिला अजून खपत नाहीं, फळीवर जेवतांना भिंतीकडे तोंड होतें हें तिला आवडत नाहीं, आणि आमच्या कुटुंबानें वाटून टाकलेल्या भांड्यांत एक सोऱ्या होता तो द्यावयास नको होता, असें ती दर दिवाळीला म्हणते. नणंद-भावजयींत त्यावरून दोन दिवस अबोला होतो. मग नवा सोऱ्या शेजारून मागून आणतात.

यंदां उडदाचे पापड घरीं करावयाचे असें दोघींनीं ठरविलें आहे. वाळवणासाठीं गच्ची वापरूं द्यावयाची कीं नाहीं, याविषयीं इमारतीच्या समितीचा निर्णय अद्याप व्हावयाचा आहे. आक्कानें डाळ निवडून ठेवली आहे.